मागच्या खोलीचा वापर

४ मार्च

आजपासून दैनंदिनी. सकाळी चहा घेता घेता मी हिला नगरपालिकेच्या नोटिशीबद्दल सांगत होतो. तिसऱ्या मुद्द्यावर आलो होतो, एवढ्यात ही म्हणाली, "अहो, तुम्ही हे सगळं लिहून का नाही काढत?" कल्पना चांगली आहे. पुढेमागे कोणाला संदर्भ लागला तर असावा. वहीला समास आखून होईपर्यंत ही पिशवी उचलून बाहेर पडलीसुद्धा, त्यामुळे चौथ्या मुद्द्यापासून इथेच लिहितो.

नोटीस आपल्या सार्वजनिक सभागृहाच्या दारावर डकवलीय. तीही वाकडी. इमारत जुनी, धोकादायक, वापर नगण्य, सबब पाडून तिथे तीन मजली वाहनतळ. धोकादायक म्हणे. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगतायत. त्या दगडी भिंती हातभर जाड आहेत. वरच्या लाकडी कमानी मध्ये एकही खांब न घेता अख्खं छप्पर पेलून उभ्या आहेत. आज असं काम करून दाखवा म्हटलं तर भले भले कंत्राटदार पळून जातील. इथल्याच लोकांनी एकेकाळी सुट्टीच्या दिवशी अंगमेहनत करून बांधलेली ही इमारत. सभा, नाटकाच्या तालमी, मतदान, लसीकरण, सगळं तिथे झालं. आमचं लग्नसुद्धा. आणि आता तिथे लोक गाड्या लावणार.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. ठरवलं होतं, आता निवांत घरी बसायचं. पण हे असलं काही बघितलं की डोकं फिरतं.

७ मार्च

बैठक झाली. बैठक म्हणायची आपली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पुढाकार घेतला, सभागृहात बऱ्यापैकी माणसं जमली, आणि अर्धा वेळ पंखा लावायचा की नाही यावर गेला. एकाला उपोषण करायचं होतं, फक्त स्वतः करायचं नव्हतं. औषधवाल्याचं म्हणणं, इमारत वाचली की वाचवणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवू, आणि तो खिशातून मजकूरच काढायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी उठून सांगितलं की बाबांनो, मार्ग एकच आहे. इमारत वारसा यादीत घालायची. एकदा ती यादीत गेली की नगरपालिकेचे हात बांधले जातात. त्यासाठी अर्ज लागतो, इतिहास लागतो आणि मोजमापाचे नकाशे लागतात. नकाशे म्हटल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. औषधवाला अध्यक्ष झाला आणि मी सचिव. म्हणजे तो खुर्चीपुरता आणि मी कामापुरता.

मी बोलत असताना मागच्या खोलीतून सारखं हसू ऐकू येत होतं. सभागृहाच्या पाठीमागे पत्र्याची एक खोली आहे, दुपारी तिथे बायका जमतात. ही पण जाते. घरी आल्यावर विचारलं, बाहेर बैठकीला का नाही आलीस? म्हणाली, "आवाज येत होता की आतपर्यंत." चला, निदान ऐकलं तरी.

१२ मार्च

मोजमाप सुरू केलं. टेपचं दुसरं टोक धरायला औषधवाला येणार होता. आला नाही. दुकानात गर्दी होती म्हणे. मी एक टोक खिळ्याला अडकवून एकट्याने अख्खं सभागृह मोजलं. कमानी बघून मान दुखली, पण काय काम आहे! बघतच राहावं.

शेवटी मागची खोली. दार आतून बंद. ठोठावलं तर पोस्टातल्या बाईंनी एवढंसं उघडलं. या बाई पोस्टात होत्या, आता निवृत्त आहेत, पण बोलणं अजून खिडकीच्या पलीकडूनच. म्हणाल्या, आत्ता नको, उद्या सकाळी मोजा. मी म्हटलं, सार्वजनिक इमारत आहे, कोणाची खासगी नाही. नाइलाजाने बाजूला झाल्या.

आणि काय ती खोली. मूळ दगडी भिंत सरळ फोडून दार केलेलं. विटांचं बांधकाम, वर पत्रा, खाली फुलाफुलांचं प्लॅस्टिक अंथरलेलं. खुर्च्या ठेवायला म्हणून कोणीतरी मागाहून जोडली असणार. आत सहा-सात बायका. कोणी पत्ते खेळतंय, कोणी विणतंय, एक तर नुसती खिडकीबाहेर बघत बसलेली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, दुसरं काही नाही. मी विचारलं, आमची ही कुठाय? सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ही कोपऱ्यातल्या खाटेवर झोपली होती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय, गाढ.

मी चरकलोच. आमच्या हिला दिवसा झोप लागत नाही. मी निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतो, एकदाही आडवी झालेली बघितली नाही. म्हणजे बरं नसणार. कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. म्हटलं पटकन मोजून घ्यावं आणि हिला घरी न्यावं. मोजलं, टेप सोडली, ती खाडकन आत गेली आणि ही दचकून उठून बसली. मला बघितलं, मग बायकांकडे बघितलं आणि केस बांधायला लागली. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "झालं का मोजून?" तो स्वर मला आवडला नाही.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर ही तयार नाही. काही झालं नाही म्हणते. काही झालं नाही तर माणूस भर दुपारी झोपतं होय?

१६ मार्च

औषधवाल्याकडून इतिहासाची कागदपत्रं आली नाहीत, त्यामुळे काम अडलं. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा स्वयंपाकघर लावलं. इतकी वर्षं हिने डबे कसेही ठेवले होते, कुठे काय याला काही धरबंधच नाही. आता उंचीप्रमाणे रांगा लावल्या, प्रत्येक डब्यावर नाव. ही आली, चहाची पूड शोधायला लागली. मी बाहेरूनच सांगितलं, वरची फळी, डावीकडून शेवटचा. स्टूल घेऊन चढली आणि काढली. ही कधीच कशावर काही बोलत नाही. आमच्यात आजवर भांडण म्हणून झालेलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

मुलीचा फोन आला. तिला आईच्या दुपारच्या झोपेबद्दल सांगितलं, काळजी वाटते म्हटलं. तर ती म्हणाली, "बाबा, आईला जरा मोकळी राहू द्या ना." आता काय म्हणावं या मुलीला. आई मोकळीच आहे. बिलं मी भरतो, भाजी मी आणतो, ती कशी चिरायची तेही सांगतो. अजून किती मोकळी सोडायची?

२२ मार्च

वारसा समितीच्या अधिकारी बाई पाहणी करून गेल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख. पाहताच जाणवलं की या मुलीला इमारत कळते. कमानींखाली उभी राहिली आणि मान वर करून एकेक कमान बघत गेली. एवढ्या दिवसांत पहिलंच माणूस भेटलं ज्याने पंख्याबद्दल काही विचारलं नाही.

मग तिने साफ सांगितलं. यादीत दोन श्रेणी. पहिल्या श्रेणीत गेली तर इमारतीला कोणीही हात लावू शकत नाही, विषय संपला. दुसऱ्या श्रेणीत गेली तर नाव यादीत राहतं, पण नगरपालिकेने भक्कम कारण दाखवलं तर पाडायची परवानगी मिळू शकते. आणि आजवर त्यांना कारणं कधी कमी पडलेली नाहीत. पहिल्या श्रेणीसाठी इमारत मूळ रूपात असावी लागते, नाहीतर मूळ रूपात आणायचा आराखडा तरी असावा लागतो. ती मागे गेली, पत्र्याची खोली बघितली, दगडी भिंत फोडलेली बघितली. म्हणाली, अडचण ही आहे.

बायका तेव्हा आल्या नव्हत्या. तिने विचारलं, "ही खोली वापरात आहे का?" मी म्हटलं, "नाही. बायका बसतात." तिने लिहून घेतलं. जाताना म्हणाली की खोलीचं काय करायचं ते अर्जदारांनी ठरवायचं, आम्ही काही लादत नाही. यात ठरवायचं काय आहे?

२५ मार्च

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेत. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. पण नकाशे असे उतरलेत की खात्यात असतो तर साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवले असते. आयुष्यात माझी रेघ चुकली नाही आणि रंग चुकला नाही. आहे ते काळ्यात, नवीन ते लाल, पाडायचं ते पिवळं. इतकी वर्षं माझे कागद साइटवर गेले, पण माझ्या पिवळ्यामुळे चुकीची भिंत पडली असं एकदाही झालं नाही. एवढं अंगावर मूठभर मांस चढायला पुरे आहे.

ही टेबल पुसायला आली आणि नकाशा बघत उभी राहिली. मला बरं वाटलं, हिने कधी माझ्या कामात लक्ष घातलं नव्हतं. हिने मागच्या बाजूला बोट ठेवलं. हे पिवळं काय? मी समजावून सांगितलं. पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी, मूळ रूप, दगडी भिंतीचा तो फोडलेला भाग पुन्हा कसा बांधायचा, सगळं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि आम्ही कुठं बसायचं?"

मी म्हटलं, अख्खं सभागृह आहे की. एवढं मोठं.

"त्याला आतून कडी नाही," ही म्हणाली.

आता बसायला कडी कशाला लागते ते मला कळलं नाही. मी म्हटलं, तसं असेल तर मैत्रिणींना इथे घरी बोलव. मी असतोच, चहाचं बघेन, गप्पांना माणूस वाढेल. हिने फडकं उचललं. टेबलाची मोकळी बाजू पुसली आणि आत गेली. चला, हा विषय सहज मिटला. मला वाटलं होतं फाटे फुटतील.

२ एप्रिल

अर्ज दाखल झाला. औषधवाल्याने सहीच्या जागी सही करण्याऐवजी दुकानाचा शिक्का मारून ठेवला होता, म्हणून अख्खं पान पुन्हा करावं लागलं. जीव नकोसा केलाय या माणसाने. हरकतींवर सुनावणी अठरा तारखेला.

ही हल्ली सकाळीच बाहेर पडते. जेवण झाकून ठेवलेलं असतं. एकट्याने जेवायचं आणि वर डबे आपापल्या जागी आहेत की नाही तेही मीच बघायचं. आज पूड खालच्या फळीवर सापडली. परत वर ठेवली.

९ एप्रिल

हरकती आल्या. वाहनतळवाल्या कंत्राटदाराची एक, ती येणारच होती. त्याच्या दोन-तीन बगलबच्च्यांच्या. आणि एक मागच्या खोलीतल्या बायकांची. सभागृहाला हरकत नाही, पिवळ्या रंगाला हरकत आहे. औषधवाला दुकानाच्या काउंटरवर कागद ठेवून माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पहिली सही वहिनींची आहे."

भर दुकानात. गिऱ्हाईकं उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन विचारलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं. नवऱ्याच्या अर्जावर बायकोची हरकत, लोक काय म्हणतील? आधी मला सांगायचं तरी. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा नकाशा दाखवत होतात."

हिने कधी सांगितलं? मी ही दैनंदिनी उलटून पाहिली. कडीबद्दल बोलली होती, बस. त्याला काय हरकत म्हणतात?

११ एप्रिल

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. म्हणजे मी बोलतो.

पोस्टातल्या बाई संध्याकाळी आल्या. ही घरी नसताना मुद्दाम आल्या असणार. आत बोलावलं तर आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. मी आधीच तोडगा काढून ठेवला होता. खोली पाडली की तिचं मोठं छायाचित्र काढून सभागृहात लावायचं, खाली बायकांची नावं. औषधवाल्याच्या पाटीपेक्षा हे बरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची बायको आमच्यात कधीपासून येते, माहीत आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, बरीच वर्षं असेल.

"नाही. आम्ही किती वर्षं बोलवत होतो, कधी आली नाही. घरीच बरं वाटतं म्हणायची. तुम्ही निवृत्त झालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली." एवढं बोलून गेल्या. पाणीही घेतलं नाही.

मला वाटलं काही जुना जिव्हाळा असेल, बालपणीच्या आठवणी असतील. ही तर दीड वर्षाची सवय निघाली. मग तर प्रश्नच नाही. दीड वर्षाची सवय दोन महिन्यांत मोडते. हा मुद्दा सुनावणीत घ्यावा की नाही याचा विचार करतोय. हिला वाईट वाटेल म्हणून बहुतेक घेणार नाही.

१५ एप्रिल

अधिकारी बाईंचा फोन. बायकांच्या हरकतीबद्दल विचारत होत्या. म्हणाल्या, तुम्ही तर वापर नाही म्हणाला होतात. मी म्हटलं, वापर म्हणजे काही उपयोगाचं काम व्हायला हवं ना. शिवणवर्ग नाही, पाळणाघर नाही, बचत गट नाही. तिथे कोणी काहीही करत नाही हो. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, ठीक आहे, सुनावणीत बघू.

तरुण पिढीला चटकन समजत नाही.

१८ एप्रिल

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहितो, कारण अजून माझाच विश्वास बसत नाही.

सुनावणी घ्यायला आलेले साहेब पूर्वी आमच्याच खात्यात होते. माझे कागद कित्येक वर्षं त्यांच्या टेबलावरून गेलेत. नकाशा उलगडला आणि लगेच म्हणाले, हात ओळखला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. कंत्राटदाराची हरकत त्यांनी थोडक्यात निकालात काढली. इमारतीचं महत्त्व मान्य, म्हणाले. आराखडा नीट आहे, पहिल्या श्रेणीला काही अडचण दिसत नाही. औषधवाल्याने टेबलाखालून माझा हात दाबला.

मग बायकांची हरकत पुकारली. मला वाटलं पोस्टातल्या बाई बोलतील. ही उठली.

साहेबांना माहीत नव्हतं ही कोण. त्यांनी विचारलं, "बाई, त्या खोलीचा तुम्हाला उपयोग काय?"

ही म्हणाली, "मी तिथे झोपते."

सगळे हसले. कंत्राटदार सगळ्यात मोठ्याने. साहेबांनाही हसू आवरलं नाही. म्हणाले, झोपायला घर आहे ना तुम्हाला?

"आहे. घरी हे असतात," आणि हिने माझ्याकडे हात केला.

आता तर खुर्च्या हलायला लागल्या. मी खाली मान घालून कागद चाळत बसलो. इतकी वर्षं जिचा आवाज शेजारच्याला ऐकू गेला नाही, ती ही, भरल्या सभेत. ही हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. घाई केली नाही. मग बोलली, आणि सवयीचंच बोलावं तसं साधं बोलली.

"मी तक्रार नाही करत. हे वाईट नाहीत. कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, काही कमी पडू दिलं नाही. पण घरात मी कुठेही बसले तरी हे येतात आणि काय करतेस म्हणून विचारतात. मी काही करत नसले तर काय करावं ते सांगतात. डोळे मिटले तर बरं नाही का विचारतात. पूर्वी हे कामावर जायचे तेव्हा दुपार माझी असायची. आता ती त्या खोलीत आहे. तुमच्या कमानी चांगल्या आहेत साहेब, राहू देत. पण मला कमानी नकोत. मला आतून कडी लागेल अशी खोली हवी."

आणि खाली बसली. आता कोणी हसत नव्हतं. बायकांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला होता. कोणाची बायको ते मी लिहीत नाही. तिचा नवरा माझ्याच बाजूच्या खुर्चीत होता आणि औषधं विकतो.

साहेब म्हणाले, अर्जदारांचं म्हणणं काय? मी उभा राहिलो. हातात सगळं उत्तर तयार होतं, मुद्दे घालून. दीड वर्षाच्या सवयीचासुद्धा मुद्दा होता, शेवटी आत घातलाच होता. हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत नव्हती. माझं बोलणं सुरू होणार म्हणताच हिने डोळे मिटून घेतले होते. घरी मी बोलायला लागलो की ही असंच करते हे मला एकदम आठवलं. इतके दिवस मला वाटायचं, लक्ष देऊन ऐकते.

मी म्हटलं, "साहेब, तो पिवळा रंग चुकून लागलाय."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्याकडून? रंग चुकला?"

"हो. चुकला. वय झालं."

"आणि खोली वापरात नाही असं सांगितलं होतंत ते?"

"तेही चुकलं. वापरात आहे. रोज."

अधिकारी बाई बाजूला बसल्या होत्या, त्यांनी काहीतरी खोडलं. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. ते मला ओळखतात, त्यांना खोटं कळलं असणार. पण त्यांनी लिहून घेतलं. खोली राहणार म्हणजे मूळ रूप नाही. मूळ रूप नाही म्हणजे दुसरी श्रेणी. कंत्राटदार मोबाइल काढून हसत बाहेर गेला. तो पुन्हा येणार, आज ना उद्या येणारच, आणि तेव्हा आमच्या हातात पहिली श्रेणी नसेल. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. कमानी पडल्या तर त्या माझ्या चुकीने पडतील असं लोक म्हणतील आणि ते खरं असेल.

औषधवाला दारात म्हणाला, तुमच्यासारखा माणूस असं करेल असं वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

२० एप्रिल

सचिवपद गेलं. औषधवाल्याने माणूस पाठवून कागद मागवून घेतले, स्वतः आला नाही. आता त्याचा भाचा सचिव आहे, ज्याला टेप कशी धरतात ते माहीत नाही. गावभर झालंय की म्हाताऱ्याला रंग ओळखू येत नाहीत. आज भाजीवाल्याने मला टोमॅटो दाखवून लाल आहेत म्हणून सांगितलं. मी घेतले.

आणि ही? मला वाटलं होतं, एखादा शब्द तरी बोलेल. सुनावणीहून घरी आलो तेव्हा चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. एरवी आत जाऊन पिते. तेवढंच. दोन दिवस मी वाट बघितली. अशी कशी ही बाई? मी भरल्या सभेत स्वतःचं नाक कापून घेतलं, आयुष्यभराची अब्रू त्या पत्र्याच्या खोलीवरून ओवाळून टाकली, आणि घरात एक चांगला शब्द नाही.

शेवटी आज मीच विषय काढला. म्हटलं, त्या खोलीचा पत्रा कोपऱ्यात गंजलाय, मी मोजताना बघितलंय. उद्या दुपारी येतो, पत्र्याचं बघतो, आणि मग थोडा वेळ तुमच्यात बसतोही. पत्ते मला चांगले येतात.

ही म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

मी म्हटलं, आणि पत्रा?

"पत्र्याला माणूस सांगितलाय आम्ही." मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बोललात ते चांगलं बोललात. पण तुम्ही नका येऊ."

म्हणजे बघा. ज्या खोलीपायी मी पद घालवलं, नाव घालवलं, कदाचित अख्खी इमारत घालवली, त्या खोलीत एकट्या मलाच बंदी. कोणाला सांगायची सोय आहे का? रागाने मी दुपारभर डबे पुसले. पुसताना चहाची पूड खालच्या फळीवर ठेवली. तिथे हात पोचतो.

२३ एप्रिल

दुपारी ही गेली. मीही चपला घातल्या होत्या. फाटकापर्यंत गेलो. पत्र्याचा माणूस नीट काम करतोय की नाही हे कोणीतरी बघायला हवं, तो उताराकडे लक्ष देणार नाही, याची मला खात्री आहे. फाटकाला हात लावून बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

घरात चार खोल्या आहेत. कुठल्या खोलीत बसावं ते कळेना. एकेकीत थोडा थोडा वेळ बसून बघितलं. कोणी विचारायला आलं नाही.

संध्याकाळी ही आली तेव्हा डाव्या गालावर उशीची वळी उमटलेली होती. पत्र्याचं काय झालं, कोण कोण होतं, किती वेळ झोपलीस, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. काही विचारलं नाही.